मायनस सहाचा नंबर आणि लेझरचा निर्णय

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 28, राहणार कोथरूड, नोकरी हिंजवडीत, दिवसभर स्क्रीनसमोर. चौथीपासून चष्मा. उजव्या डोळ्याचा नंबर मायनस 6 आणि सिलिंडर (डोळ्याची गोलाई दोन दिशांना सारखी नसल्याने लागणारा नंबर) मायनस 1, डाव्याचा मायनस 5.5. दोन वर्षं नंबर हललेला नाही. कॉलेजपासून कॉन्टॅक्ट लेन्स, हल्ली संध्याकाळी डोळे कोरडे पडतात आणि खाजतात. दोन ठिकाणी तपासणी झाली. पहिल्या ठिकाणी सांगितलं, लॅसिक (लेझरने नंबर काढण्याचं ऑपरेशन) आरामात होईल, महिनाअखेरीपर्यंत केलंत तर सूट आहे. दुसऱ्या ठिकाणचे डॉक्टर म्हणाले, उजव्या कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेची, जाडी 498 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आहे, तिचा नकाशाही मला आवडलेला नाही, लेझर नको. दोन्ही तपासण्यांच्या आदल्या रात्रीपर्यंत लेन्स घातलेल्या होत्या. आईचं म्हणणं, लग्नाआधी उरकून टाक. कोणाचं ऐकू?

तूर्त दुसऱ्या डॉक्टरांचं. ‘तूर्त’ म्हणतोय, कारण तुम्ही लिहिलेल्या माहितीत डोळ्यांचा डॉक्टर म्हणून माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट 498 हा आकडा नाही, आदल्या रात्रीपर्यंत घातलेल्या लेन्स ही आहे. त्यावर येतोच. पण तुम्हाला मिळालेली दोन्ही उत्तरं कुठून आली हे कळल्याशिवाय निर्णय तुमचा होणार नाही, कुठल्यातरी डॉक्टरचा होईल. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

मायनस नंबर म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत डोळा लांब वाढलेला असतो. साधारण डोळ्याची पुढून मागे लांबी 23 ते 24 मिलिमीटर असते. एक मिलिमीटर जास्त झाला की अडीच-तीन नंबर येतो. तुमचे डोळे 26 मिलिमीटरच्या आसपास असतील. लांबचं चित्र डोळ्याच्या आत मागे असलेल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) अलीकडेच जुळतं आणि पडद्यावर पोचेपर्यंत धूसर होतं. लेझर ही लांबी कमी करत नाही. ते डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, मधोमध थोडी चपटी करतं, त्यामुळे चित्र मागे सरकून पडद्यावर येतं. म्हणजे चष्म्याचा नंबर कॉर्नियावर कोरला जातो, डोळा आतून मायनस सहाचाच राहतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पडद्याबद्दल लिहिताना त्याचा उपयोग होणार आहे. नंबर उतरवणारे व्यायाम, मधाचे थेंब, गुलाबपाणी यांबद्दलही यातच उत्तर आहे: 26 मिलिमीटरचा डोळा त्यांनी आखूड होत नाही.

कोरण्याचं काम एक्सायमर लेझर करतं, 193 नॅनोमीटर तरंगलांबीचं. यामागे मद्रासकडे जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे शास्त्रज्ञ आहेत. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत ते प्लास्टिकवर हे लेझर वापरत होते. 1981च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणातलं उरलेलं टर्की घेऊन ते कामावर गेले आणि त्याच्या कूर्चेवर लेझर मारून पाहिलं. कडा न जळता स्वच्छ खाच पडली. दोन वर्षांनी न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी ते कॉर्नियावर वापरता येईल हे दाखवलं. हे सांगण्याचं कारण असं, की ‘डोळा जळणार’ ही भीती घेऊन निम्मे लोक येतात. ऑपरेशनच्या वेळी केस जळल्यासारखा वास येतो खरा, पण हे लेझर ऊतींमधले रासायनिक बंध तोडतं, शेजारी उष्णता जवळजवळ पोचत नाही. एका ठोक्याला मायक्रॉनच्या काही अंशाइतकाच थर जातो. मशीन अचूक आहे, त्याची काळजी करू नका. काळजी करायची ती कोरायला जागा किती आहे याची.

आता तुमचा उजवा डोळा घेऊ.

कॉर्नियाची जाडी मध्यभागी सरासरी 540 मायक्रॉनच्या आसपास धरतात, आपल्याकडे त्याहून कमीही सर्रास दिसते. तुमची 498. हा काही आजार नाही. साडेसहा मिलिमीटर रुंदीचा भाग कोरायचा म्हटला तर एका नंबरला साधारण 14 मायक्रॉन लागतात. तुमचा मायनस 6 आणि सिलिंडरचा एक मिळून सात, म्हणजे 98 मायक्रॉन. लॅसिकमध्ये त्याआधी वहीचं पान उलटावं तसा वरचा एक पातळ पापुद्रा उचलतात, त्याला फ्लॅप म्हणतात, तो साधारण 110 मायक्रॉनचा. कोरून झालं की तो परत जागेवर ठेवतात. तो जागेवर बसतो, पण मूळच्या ताकदीने पुन्हा कधीच जुळत नाही, म्हणून डोळ्याला आधार देण्याच्या हिशेबात तो धरायचा नसतो. 498मधून 110 आणि 98 वजा केले की उरतात 290.

पहिल्या हॉस्पिटलने बहुधा इथेच बघितलं. मागे किमान 250 मायक्रॉन उरायला हवेत हा जुना नियम, तुमचे 290 उरतात, मग आरामात होईल. यात खोटं काही नाही. पण दुसरा हिशेबही असतो: एकूण जाडीपैकी किती टक्के आपण छेडतोय? 110 आणि 98 मिळून 208, भागिले 498, म्हणजे जवळपास 42 टक्के. 40च्या वर गेलं की पुढे कॉर्निया सैल पडून पुढे फुगण्याचा धोका वाढतो, म्हणून आम्ही बरेच जण तिथे थांबतो. दुसरे डॉक्टर या रेषेशी थांबले असावेत. कोरण्याची रुंदी साडेसहाऐवजी सहा मिलिमीटर केली तर मायक्रॉन वाचतात, एका नंबरला 12च लागतात, आणि टक्केही 40च्या आत येतात. पण मग रात्री बाहुली मोठी झाली की कोरलेल्या भागाच्या कडेवरून प्रकाश आत शिरतो आणि दिव्यांभोवती कडी दिसतात. कागदावर टक्के बसवण्यासाठी रात्रीच्या नजरेची किंमत मोजायची, असा तो सौदा आहे. एक्सप्रेसवेवर रात्री समोरून ट्रक येताना तो आठवतो.

आणखी एक गोष्ट पॅकेजच्या कागदावर नसते. मोठ्या नंबरांत पुढच्या काही वर्षांत थोडा नंबर परत येण्याची शक्यता जास्त असते. तेव्हा ‘टच-अप’ करू असं सांगितलं जातं. तो करायला कॉर्निया उरायला हवा. तुमच्या उजव्या डोळ्यात लॅसिकनंतर दुसऱ्यांदा हात घालायला जागा राहत नाही.

आता नकाशा. पेंटाकॅमसारख्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसता, निळा प्रकाश फिरतो आणि कॉर्नियाच्या पुढच्या-मागच्या दोन्ही पृष्ठभागांचा रंगीत नकाशा छापून मिळतो. थंड रंग म्हणजे चपटा भाग, तांबडा-केशरी म्हणजे जास्त वक्र. सिलिंडर असलेल्या निरोगी डोळ्यात बहुतेक वेळा मधोमध सारख्या आकाराचा आठचा आकडा दिसतो. आम्हाला खटकतो तो खालच्या बाजूला एकाच अंगाला साठलेला तांबडा डाग, त्याच जागी मागच्या पृष्ठभागावर आलेला फुगवटा, आणि सगळ्यात पातळ बिंदू मध्यापासून खाली सरकलेला. हे तिन्ही एकाच जागी आले तर केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची, सुरुवात असू शकते. असा कॉर्निया लेझरने आणखी पातळ केला तर तो सैल पडत जातो, नजर चष्म्यानेही नीट होत नाही, आणि मग क्रॉसलिंकिंग (कॉर्निया घट्ट करण्याचा उपचार), कडक लेन्स, क्वचित कॉर्निया बदलण्यापर्यंत गोष्ट जाते. आमच्या व्यवसायात ज्याला लेझरचं खरं संकट म्हणतात ते हेच. ते ऑपरेशन टेबलावर घडत नाही, महिन्यांनी किंवा वर्षांनी समोर येतं. आणि त्याची खूण बहुतेक वेळा आधीच्या नकाशात असते.

तेव्हा ‘नकाशा मला आवडलेला नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरांवर रागावू नका. त्या एका वाक्यात त्यांनी एक ऑपरेशन गमावलंय.

पण. लेन्स घातल्याने कॉर्नियाचा आकार तात्पुरता दबतो, विशेषतः सिलिंडरसाठीच्या टोरिक लेन्सने आणि कडक लेन्सने. तुमच्या उजव्या डोळ्याला सिलिंडर आहे म्हणजे टोरिक असणार. आदल्या रात्रीपर्यंत ती डोळ्यात असेल तर सकाळी काढलेला नकाशा तुमच्या कॉर्नियाचा किती आणि लेन्सच्या ठशाचा किती हे कोणालाच सांगता येणार नाही. कधी निरोगी डोळा संशयित दिसतो, कधी संशयित डोळा निरोगी दिसतो. दोन्ही हॉस्पिटलांचं उत्तर त्यामुळे डळमळीत पायावर आहे, ‘हो’ म्हणणाऱ्यांचंही आणि ‘नको’ म्हणणाऱ्यांचंही. मऊ लेन्स किमान एक-दोन आठवडे, टोरिक असेल तर पूर्ण दोन आठवडे, कडक लेन्स महिनाभर बंद ठेवून मगच नकाशा काढायचा असतो. लेन्स घालता का, हा प्रश्न हॉस्पिटलांनी तपासणीला फोनवर वेळ देतानाच विचारायला हवा होता.

म्हणून पहिलं काम: दोन आठवडे फक्त चष्मा. ऑफिसात कोणी ‘अरे, आज चष्मा?’ म्हणालं तर म्हणू दे. मग पुन्हा नकाशा, शक्यतो दोन वेळा, आठवड्याच्या अंतराने. दोन्ही जुळले तर विश्वास ठेवायचा. नंबरही पुन्हा काढायचा, एकदा थेंब टाकून. तरुण डोळा जोर लावून जास्तीचा मायनस स्वीकारतो आणि दिवसभर स्क्रीनवर जवळचं बघणाऱ्यांत हे नेहमीचं आहे. चष्म्यात पाव-अर्धा नंबर जास्त असला तर काच बदलता येते, कॉर्नियात कोरलेला बदलता येत नाही.

दुसरं काम खाज. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी तिथे थांबलो. डोळे चोळण्याची सवय आणि केराटोकोनस यांचा संबंध पक्का आहे, आणि आपल्याकडे ॲलर्जीवाले डोळे भरपूर. चांदणी चौकातून हायवेने रोज दुचाकीवर जाणाऱ्याच्या डोळ्यांत काय काय जात असेल ते वेगळं सांगायला नको. तुम्ही चोळता का? कसे? बोटांच्या पेरांनी, जोरात, झोपण्याआधी? घरच्यांना विचारा, स्वतःला कळत नसतं. चोळत असाल तर ते आजपासून बंद, लेझर करा अथवा करू नका. ॲलर्जीचे थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्या. मेडिकलवाल्याने ‘हे टाका, लगेच बरं वाटतं’ म्हणून दिलेली बाटली वापरू नका. लगेच बरं वाटतं ते बहुधा स्टेरॉइडने, आणि ते महिनोन्महिने टाकलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही.

कोरडेपणाही आधी मोजायचा. शिर्मर टेस्टमध्ये खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात, पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते बघतात. दहाच्या खाली गेली तर विचार करायचा, पाचच्या खाली असेल तर आधी उपचार. दुसऱ्या तपासणीत रंगीत थेंब टाकून, पापणी न मिटता अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो ते मोजतात, तेही दहाच्या वर हवेत. लेझरमध्ये कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात आणि त्या नसाच ‘डोळा सुकलाय, पाणी सोडा’ असा निरोप देत असतात. त्या पुन्हा वाढतात, पण महिने लागतात, सहा महिने, वर्षही. आधीच कोरडा असलेला डोळा या काळात फार सतावतो. लेन्स सहन होईनाशा झाल्या म्हणून लेझर करायला येणाऱ्यांचा डोळा बहुधा कोरडाच असतो, हा आमच्या ओपीडीतला रोजचा विरोधाभास आहे. तोंडावरच्या पुरळासाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही सांगा. त्यांनीही डोळे कोरडे होतात.

समजा दोन आठवड्यांनी नकाशा स्वच्छ आला. मग काय?

पापुद्रा असलेलं लॅसिक मी तरीही तुमच्या उजव्या डोळ्याला सुचवणार नाही, वरचा हिशेब बदललेला नाही. जाहिरातीतल्या स्माइल, सिल्क वगैरे नावांमागे पद्धत एकच आहे: फ्लॅप न उचलता कॉर्नियाच्या पोटातच लेझरने एक चकती आखायची आणि दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ती ओढून काढायची. कोरडेपणा थोडा कमी, फ्लॅप सरकण्याची भीती नाही. वरचा थर, जो कॉर्नियाचा सगळ्यात मजबूत भाग, तो बराचसा शाबूत राहतो. पद्धत चांगली आहे. पण तुमच्या नंबराला चकतीच सव्वाशे मायक्रॉनच्या आसपासची निघेल, ती पृष्ठभागापासून 120 मायक्रॉन खाली असेल, म्हणजे मागे अडीचशेच्या काठावरच उरतं. ‘फ्लॅप नाही म्हणून पातळ कॉर्नियालाही चालतं’ असं कोणी सरसकट सांगितलं तर त्यांना वजाबाकी कागदावर करून दाखवायला सांगा. कंटूरा हे तर लॅसिकच आहे, नकाशाच्या आधाराने बारीक दुरुस्त्या करणारं. मायक्रॉन त्यालाही लागतातच.

राहतात दोन रस्ते. एक पीआरके. सगळ्यात जुनी पद्धत, अमेरिकेत एक्सायमर लेझरला 1995 साली पहिली मान्यता मिळाली ती हिच्यासाठीच. फ्लॅप नाही, कॉर्नियाची सगळ्यात वरची, आपोआप भरून येणारी 50 मायक्रॉनची साल काढायची आणि थेट कोरायचं. 498 वजा 50 वजा 98, मागे 350 उरतात. शिवाय साल पुन्हा येते ती वेगळी. कॉर्नियाच्या ताकदीचा विचार केला तर तुमच्यासाठी लेझरमध्ये हाच बरा. किंमत वेदनेत मोजावी लागते. पहिले तीन-चार दिवस डोळे चुरचुरतात, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही, पट्टीसारखी एक लेन्स डोळ्यावर ठेवलेली असते. नजर दुसऱ्या दिवशी नव्हे, आठवड्या-दोन आठवड्यांनी कामापुरती येते, आणि पूर्ण स्वच्छ व्हायला दोन-तीन महिने. मायनस 6च्या पुढे कॉर्नियावर धुरकट सायीसारखा थर येण्याचा धोका असतो. त्यासाठी मायटोमायसिन औषध लावतात आणि काही महिने उन्हात गॉगल सक्तीचा. एप्रिल-मेच्या पुण्यात हे करू नका, पावसाळा किंवा थंडी बरी.

दुसरा रस्ता आयसीएल. कॉर्नियाला हात न लावता डोळ्याच्या आत, बाहुलीच्या मागे आणि नैसर्गिक भिंगाच्या पुढे एक पातळ लेन्स बसवायची. पातळ कॉर्निया आणि मोठा नंबर यांना ही मानवते. नजर छान येते, कोरडेपणा फारसा वाढत नाही आणि गरज पडली तर लेन्स काढता येते. पण हे डोळ्याच्या आतलं ऑपरेशन आहे. डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली 2.8 मिलिमीटर तरी हवी, कॉर्नियाच्या आतल्या पेशींची मोजणी चांगली हवी, आणि लेन्सचा आकार बरोबर बसायला हवा. सैल बसली तर मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, घट्ट बसली तर दाब वाढू शकतो. संसर्ग अगदी विरळा, पण झाला तर गंभीर. खर्च लेझरहून जास्त. दर वर्षी तपासणी आयुष्यभर.

या दोन्हींत मी काय सांगेन? नकाशा दोन्ही वेळा निर्विवाद स्वच्छ असेल, डोळे कोरडे नसतील आणि तुम्हाला पंधरा दिवस रजा मिळत असेल तर पीआरके. नकाशावर थोडा जरी संशय उरला तर लेझरचं नाव काढायचं नाही. वर्षभराने नकाशा पुन्हा काढायचा, काही बदललं नसेल तर आयसीएलचा विचार करायचा, नाहीतर चष्मा. चष्मा हाही पर्याय आहे हे हॉस्पिटलात कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतोय. जास्त इंडेक्सच्या पातळ काचा आणि छोटी फ्रेम घेतली तर मायनस सहा काही जड जात नाही.

‘मग डॉक्टर, तुम्ही का चष्मा घालता?’ हा प्रश्न आलाच पाहिजे, ओपीडीत कायम येतो. माझा नंबर मायनस तीन आहे आणि पन्नाशी उलटली आहे. चष्मा काढला की मला सगळं बारीक वाचता येतं. तुमच्या वयाला हे कळणार नाही, पण चाळिशीनंतर ही मोठी सोय आहे. दूरचा नंबर शून्य करून घेतलेल्या माणसाला चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागतो, लेझर कितीही महागातलं असलं तरी. तुमच्या हातात अजून बारा-चौदा वर्षं आहेत, म्हणून तुमच्यासाठी हा मुद्दा मोडता घालणारा नाही. पण अडतीस-चाळीसचे लोक ‘आता चष्म्यातून कायमची सुटका’ म्हणून येतात तेव्हा मी त्यांना आधी मोबाइलवरचा मेसेज हातभर लांब धरून वाचायला लावतो.

लग्नाचं. आईंची घाई समजू शकतो. तारीख ठरली असेल तर पीआरके किमान तीन महिने आधी झालेलं हवं, नाहीतर हळदीच्या दिवशी डोळे चुरचुरत बसाल. पण तारखेसाठी तपासणी आखडती घेऊ नका. पुढे बाळाचा विचार असेल तर हे लक्षात घ्या: गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर आणि कॉर्निया दोन्ही हलतात, त्या काळात लेझर करत नाहीत, आणि पाजणं थांबल्यावरही काही महिने वाट बघतात. महिनाअखेरीच्या सवलतीबद्दल एवढंच, की ज्याच्या निर्णयाला दोन आठवड्यांचा चष्मा हवा आहे त्याला महिनाअखेर गाठायला सांगणारा माणूस समुपदेशक नसतो, विक्रेता असतो.

विम्यातून होईल का, हेही विचाराल. विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या प्रमाणित वगळणुकींमध्ये 7.5 डायॉप्टरपेक्षा (नंबर मोजण्याचं एकक) कमी नंबरच्या दुरुस्तीचा खर्च वगळता येतो, आणि बहुतेक पॉलिसीत तो वगळलेलाच असतो. तुम्ही त्या रेषेच्या खाली आहात, म्हणजे खर्च बहुधा मिळणार नाही. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत कधी वेगळं कलम असतं, एचआरला लेखी विचारा. सदाशिव पेठेत खोली घेऊन भरतीची तयारी करणारी मुलंही लेझरचं विचारतात. सैन्यदल, पोलीस, वैमानिक, जे काही असेल, त्या वर्षीच्या जाहिरातीतले वैद्यकीय निकष वाचल्याशिवाय त्यांनी डोळ्याला हात लावू देऊ नये. काही पदांना लेझर झालेला डोळा चालत नाही, काहींना वयाच्या, जाडीच्या आणि ऑपरेशननंतर गेलेल्या महिन्यांच्या अटी असतात.

ऑपरेशनचा दिवस हा या सगळ्यातला सगळ्यात सोपा भाग. थेंबांची भूल, सुई नाही. पापण्या उघड्या ठेवायला चिमटा, समोर दिवा, त्याच्याकडे बघत राहायचं. डोळा जरा इकडेतिकडे झाला तर मशीन त्याचा पाठलाग करतं, जास्त झाला तर थांबतं. लेझर प्रत्यक्ष चालतं ते मिनिटभराच्या आतबाहेर. दोन्ही डोळे एकाच दिवशी. सोबत कोणीतरी हवं आणि घरी जायला रिक्षा किंवा गाडी. दुचाकी नाही, मागेही बसून नाही.

नंतरचे नियम पुण्याच्या हिशेबाने सांगतो. महिनाभर पोहणं बंद. धुळीत जाताना बाजूने बंद असलेला गॉगल, आणि हेल्मेटची काच खाली. गणपतीची मिरवणूक गॅलरीतून बघायची, गुलाल डोळ्यांत जाता कामा नये, रंगपंचमीचंही तेच. केस धुताना मान मागे. डोळे चोळायचे नाहीत, हे पुन्हा सांगतोय. स्टेरॉइडचे थेंब ठरवल्याप्रमाणे हळूहळू कमी करायचे, मध्येच सोडायचे नाहीत आणि संपल्यावर स्वतःहून पुन्हा आणायचे नाहीत. पीआरकेनंतर ते महिन्या-दोन महिन्यांहून जास्त चालतात, त्या काळात दाब तपासून घ्यायचा. कामावर परत गेलात की स्क्रीनकडे बघताना पापण्या मिटायला विसरतो आपण, डोळे ओले ठेवणाऱ्या लुब्रिकंट थेंबांची बाटली कीबोर्डशेजारी ठेवा. पहिले काही आठवडे रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतील, बहुतेकांची तीन-सहा महिन्यांत विरतात. काहींची थोडी उरतात, आणि ती कोणाची उरतील हे आधी खात्रीने सांगता येत नाही. रात्रीची गाडी हाच ज्यांचा धंदा आहे त्यांनी याचा जास्त विचार करावा.

आता पडद्याचं, जे वर राखून ठेवलं होतं. तुमचा डोळा लांब आहे, म्हणून आतला पडदा ताणलेला आहे. अशा पडद्याच्या कडेला पातळ जागा, क्वचित बारीक भोकं असतात. लेझरआधी बाहुली मोठी करून कडेपर्यंत पडदा बघून घ्यायचाच, आणि काही सापडलं तर आधी त्याच्याभोवती वेगळ्या लेझरने कुंपण घालायचं. चष्मा गेल्यावर पडद्याचा धोका जात नाही, पण लोक डोळ्यांच्या डॉक्टरकडे येणं सोडतात. तुम्ही सोडू नका, वर्षातून एकदा या. अचानक खूप काळे ठिपके तरंगायला लागले, कडेला वीज चमकल्यासारखं झालं, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं अंधारलं, तर त्याच दिवशी दाखवा. सोमवारची वाट बघू नका.

शेवटी कागद. ऑपरेशन करा वा न करा, आत्ताचा नंबर, दोन्ही डोळ्यांचे नकाशे, डोळ्याची लांबी यांच्या प्रती मागून घ्या आणि फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. पहिल्या दोन हॉस्पिटलांतलेही घ्या, ते तुमचेच आहेत. साठीत मोतीबिंदूचं ऑपरेशन होईल तेव्हा आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना लेझर झालेला कॉर्निया मशीनला चकवतो, आणि त्या डॉक्टरला आजचे हे आकडे लागतील. दोन आठवड्यांनी नवे नकाशे निघाले की ते आणि जुने असे दोन्ही घेऊन कॉर्नियाचंच काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे जा, आणि आधी फक्त एवढंच विचारा: माझ्या उजव्या डोळ्यात मागे किती मायक्रॉन उरतील आणि टक्के किती होतात.